मोजणीबाईच्या वहीतली आडवी रेघ

डोळे मिटा बघू. छे, मिटू नका, मग पुढचं वाचाल कसं? उघड्या डोळ्यांनीच एक नदी समोर आणा. नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आणा आणि पायऱ्यांच्या कडेला पाण्यात पाय रोवून उभा असलेला एक दगडी खांब. खांबावर खालपासून वरपर्यंत वीस खुणा कोरलेल्या आहेत. दिसल्या? आता त्या पायऱ्यांवरून एका बाईला खाली उतरवा. काखेत वही, कानावर पेन्सिल. ती शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबते, पाणी कितव्या खुणेला टेकलंय ते वाकून बघते, वहीत आकडा लिहिते आणि घरी जाते.

बस्, एवढंच काम. पण हे एवढंसं काम तिने एकतीस वर्षं केलं. लोक तिला मोजणीबाई म्हणायचे, आणि खरं नाव मागे पडलं ते पडलंच. मग एकदा महापूर आला, लाकडी पूल काडेपेटीसारखा वाहून गेला, आणि नवा पूल बांधायला एक इंजिनिअर आला. नदीचे आकडे त्याच्यापुढे तिघांनी ठेवले. दोघे चांगले कोटवाले, हुद्देवाले. तिसरी मोजणीबाई. इंजिनिअरने कोटवाल्यांच्या वह्या बाजूला सारल्या, मोजणीबाईच्या वह्या उशाला घेतल्या आणि त्यांच्या हिशेबाने पूल उंच बांधला. त्या पुलाला आता शंभर वर्षं पुरी होत होती. त्यानंतर किती पूर आले आणि पुलाच्या पायांना गुदगुल्या करून निघून गेले.

पण त्याने कोटवाल्यांना सोडून हिच्यावरच विश्वास का ठेवला, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता त्या नदीकाठच्या शाळेत चला. पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. बाकावर असली तरी निम्मी हवेत. आणि तिच्या वर्गाच्या बाई होत्या टाचणीबाई. शिंप्याच्या मनगटावर असते तशी टाचण्यांची गादी त्यांच्या मनगटाला बांधलेली असे, म्हणून हे नाव. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

पुलाची शंभरी जवळ आली तेव्हा टाचणीबाईंनी वर्गात विचारलं, "मोजणीबाईचा जन्म कधी, लग्न कधी, मरण कधी, हे फळ्यावर लिहून देऊ?"

"नको!" अख्खा वर्ग ओरडला.

"मलाही नको. आपण तिचं चरित्र कवितेत करू. बारा जण, बारा कडवी. तुम्ही शोधायचं, तुम्हीच रचायचं. पुलाच्या वाढदिवसाला पायऱ्यांवर उभं राहून म्हणायचं." मग त्यांनी मनगट वर केलं. "पण माझी एक अट आहे. प्रत्येक ओळीला टाचणी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर लाल. कुणाकडून ऐकलेलं असेल तर पांढरी, आणि कुणाकडून ते चिठ्ठीवर लिहायचं. आणि ठाऊकच नसेल तर काळी."

"काळी लावली तर मार्क कापणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"काळी लावायला छाती लागते रे बाळा. कापीन कशाला?"

असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण काळी टाचणी कुणालाच नको होती. भिंतीवर लांबच लांब कागद लागला. कडवी चढू लागली, खाली लाल-पांढऱ्या टाचण्या फुलू लागल्या. काळी एकच होती, अकराव्या कडव्याखाली. ते होतं यमक्याचं. यमक्या म्हणजे वर्गाचा कवी. त्याला 'भूक लागली' म्हणा, तो 'घंटा वाजली' म्हणणार. इंजिनिअरने विश्वास का ठेवला, हा त्याचा विषय, आणि त्याचं उत्तर काही सापडेना. काळी टाचणी त्याला डोळ्यात खुपल्यासारखी खुपायची. पण ध्रुपदही त्यानेच रचलं होतं आणि ते इतकं झकास जमलं होतं की तो ताठ मानेने फिरत होता:

*थंडी आली, पाऊस आला, पण ती कधी थकली नाही,*
*पायऱ्या उतरून पाणी मोजलं, एकही दिवस चुकली नाही!*

हे ध्रुपद सगळ्यांना इतकं आवडलं की पायऱ्यांजवळच्या भिंतीवर ते रंगवून घ्यायचं ठरलं. रंगवणार कोण? भिंगरीचे बाबा. पाट्या रंगवणं हाच त्यांचा धंदा.

भिंगरीच्या वाट्याला महापुराचं कडवं आलं होतं. तिला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. घरी येऊन तिने आजोबांना गाठलं. आजोबा पूर्वी नावा दुरुस्त करायचे, आता खुर्च्या, छत्र्या आणि शेजाऱ्यांची भांडणं दुरुस्त करायचे.

"आजोबा, पुराच्या रात्री मोजणीबाई पाणी मोजायला गेली असेल ना?"

"असेल की."

"अंधारात? मग कंदील घेऊन गेली असेल!"

"असेल की. काजवा घेऊन थोडीच जाणार, भिंगरे?" आजोबा छत्रीच्या काडीला तार गुंडाळत म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष छत्रीत होतं.

झालं. भिंगरीच्या डोक्यात कंदील पेटला तो पेटलाच. रात्र, वारा, खवळलेलं पाणी आणि त्यात तो एक पिवळा ठिपका. कडवं जणू आपणच उडी मारून वहीत उतरलं:

*महापुराच्या काळ्या राती नदी जेव्हा खवळली,*
*कंदील घेऊन मोजणीबाई पायऱ्यांकडे वळली!*

वर्गाने टाळ्या वाजवल्या. यमक्यासुद्धा "बरं आहे" म्हणाला, म्हणजे फारच चांगलं. भिंगरीने पांढरी टाचणी टोचली, चिठ्ठीवर लिहिलं 'आजोबांनी सांगितलं'. लिहिताना पेन किंचित अडखळलं, पण भिंगरी काही अडखळून थांबणारी नव्हे. आजोबांनी तिला पुठ्ठ्याचा कंदीलही करून दिला, आत पिवळा कागद. तो उंच धरून ती सगळ्यांच्या पुढे उभी राहणार होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत टाचणीबाईंनी तिला बोलावलं. "पाणीखात्याच्या दप्तरखान्यातून परवानगी आली. मोजणीबाईची पुराच्या वर्षाची वही बघायला मिळणार आहे, पण एकाच मुलाला. तुझं कडवं पुराचं, तेव्हा तूच जा. पांढरीची लाल करून आण."

भिंगरीच्या पायांना चाकं फुटली.

दप्तरखाना म्हणजे एक लांबट खोली, छताला टेकलेली लोखंडी कपाटं आणि मधोमध एक टेबल. तिथले दप्तरीकाका बारीक चणीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी तिला हात धुवायला लावले, मग पुसायला लावले, मग दाखवायला लावले.

"पेन ठेव बाहेर. इथे फक्त पेन्सिल. पानाला बोट लावायचं नाही, ओळीखाली ही पट्टी सरकवायची आणि वाचायचं. नाक वहीपासून एक वीत लांब. शिंक येणार असेल तर आधी अर्ज कर."

भिंगरी हसली, पण वही समोर आली तसं तिचं हसू आपोआप मऊ झालं. तपकिरी पुठ्ठा, कोपरे झिजलेले. आणि आत ती! प्रत्येक ओळीत तारीख, आकडा, कधी दोन शब्द. 'पाच. गढूळ.' 'पाच. बदकं आली.' 'सहा. चप्पल वाहून गेली, नवी घेणे.' भिंगरीला वाटलं, बाई शेजारीच बसून कानात बोलतेय. शंभर वर्षांपूर्वीचं नव्हे, आत्ता सकाळचं.

पट्टी सरकत सरकत पुराच्या तारखेला आली.

'सतरा. उजाडल्यावर मोजलं. पूल गेला.'

भिंगरीने ओळ पुन्हा वाचली. उजाडल्यावर.

"काका, तेव्हा उजाडल्यावर कुणी कंदील घेऊन जायचं का हो?"

"जायचं की. डोक्यातच अंधार असला तर."

भिंगरीच्या डोक्यातला कंदील फुस्स करून विझला. कान तापले. 'असेल की' चं 'होतं' कुणी केलं? आजोबांनी नाही. चिठ्ठीवर नाव मात्र त्यांचं होतं.

तिने मान खाली घातली, आणि तेव्हा तिला वरची ओळ दिसली. पुराच्या आदल्या दिवसाची. तिथे 'पाच' हा आकडा होता आणि त्याच्यावरून एकच आडवी रेघ ओढलेली होती. गिरगटलं नव्हतं, खरवडलं नव्हतं. खालचा पाच स्वच्छ वाचता येत होता. आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'या दिवशी मी पायऱ्यांवर गेले नाही. धाकटा तापाने फणफणला होता. आकडा घरी बसून अंदाजाने लिहिला. पाणी तेव्हाच चढू लागलं असणार. हा आकडा धरू नये.'

खोलीत पंखा घरघरत होता. भिंगरीला मात्र यमक्याचा आवाज ऐकू येत होता, मागे अख्ख्या वर्गाचा: एकही दिवस चुकली नाही!

चुकली होती. एक दिवस चुकली होती. आणि बाबा या क्षणी नदीकाठी शिडीवर उभे राहून वीतभर उंचीच्या अक्षरांत नेमकं उलटं रंगवत होते.

खरं सांगायचं तर भिंगरीच्या मनात आलं, वही मिटावी. दप्तरीकाका ती कपाटात ठेवतील, कुलूप लावतील. पुढची शंभर वर्षं कोण बघतंय? कंदील राहील, ध्रुपद राहील, बाबांची मेहनत राहील, आणि यमक्या आपल्याशी आयुष्यभर बोलत राहील. तिने पट्टी उचलली. आणि पट्टीखाली, पानाच्या अगदी कडेला, दुसऱ्याच कुणाच्या हातची पेन्सिलीतली तिरपी ओळ निघाली. खाली सही, इंजिनिअरची. ती सही तिने पुलाच्या दगडावर शंभरदा पाहिली होती.

भिंगरीने वाचलं. मग श्वास घेतला आणि पुन्हा वाचलं. मग खुर्ची मागे पडली.

"शिंकलीस?" काका दचकून म्हणाले.

"नाही काका! टाचणी सापडली! लाल!"

"कुणाला टोचली?"

उत्तर द्यायला भिंगरी जागेवर नव्हती. म्हणजे, होती, पेन्सिलीने दोन्ही नोंदी कागदावर उतरवून घेण्यापुरती. जीभ बाहेर, अक्षर अन् अक्षर तपासून. मग कागद मुठीत आणि पाय रस्त्यावर. सायकलच्या दुकानावरून, शिंप्याच्या खिडकीखालून, दळणाच्या गिरणीपुढून, "हळू ग, पडशील!" असं म्हणणाऱ्या तीन अनोळखी काकूंना मागे टाकून ती थेट नदीवर.

पायऱ्यांवर सगळा वर्ग तालमीला जमला होता. टाचणीबाई खालच्या पायरीवर, पुठ्ठ्याचा कंदील त्यांच्या शेजारी. बाबा शिडीवर, हातात ब्रश, शेवटच्या अक्षराशी.

"बाबा, थांब! रंगवू नको!"

"आता थांबू? एक वेलांटी राहिलीय. लोक म्हणतील रंगाऱ्याला जेवणाची घाई झाली होती."

"ते चुकीचं आहे!"

"वेलांटी?"

"नाही रे, सगळं वाक्य!"

 यमक्या पुढे आला. त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "माझं ध्रुपद चुकीचं? तू कोण ग ठरवणारी?"

"मी नाही. तीच म्हणतेय." भिंगरीने कागद उलगडला आणि मोजणीबाईची नोंद मोठ्याने वाचली. धाकटा, ताप, अंदाज, सगळं.

"मग काय झालं?" कुणीतरी म्हणालं. "एकतीस वर्षांत एक दिवस! सोडून दे ना!"

"उद्या कार्यक्रम आहे!"

"गावभर सांगून झालंय!"

 यमक्या नुसता भिंतीकडे बघत होता. अजून एक गोष्ट सांगायची होती, आणि ती तिची स्वतःची होती. तिने बाईंकडे पाहिलं.

"बाई, कंदीलही नव्हता. तिने उजाडल्यावर मोजलं. आजोबा नुसतं 'असेल की' म्हणाले होते. 'होता' ते मी केलं. आणि चिठ्ठीवर त्यांचं नाव घातलं."

टाचणीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शेजारचा कंदील उचलून मांडीवर घेतला. "का केलंस ग?"

"छान दिसत होता, बाई."

"दिसत होता खरा," बाई म्हणाल्या. "मलाही आवडला होता. म्हणून मीही चिठ्ठी नीट विचारून घेतली नाही. म्हणजे आपण दोघी अंदाजावर लिहिणाऱ्या." मग त्यांनी कागदाकडे बोट केलं. "खाली अजून काहीतरी आहे ना? मघापासून तू त्याच्यावर अंगठा ठेवला आहेस."

"हे यमक्याचं आहे," भिंगरी म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा उड्या मारू लागला. "वहीच्या कडेला इंजिनिअरने स्वतः लिहिलंय. सहीसकट! यमक्या, तू वाच."

यमक्याने कागद घेतला. आधी मनात वाचला. मग त्याच्या भुवया केसांत जाऊन बसल्या. आणि मग तो इतक्या मोठ्याने वाचू लागला की पलीकडच्या काठावरचा कुत्रा उठून उभा राहिला:

"'बाकी दोघांच्या वह्यांत मला एकही चूक सापडली नाही, म्हणून त्या मी बाजूला ठेवल्या. या बाईने आपली चूक आपण होऊन दाखवली आहे. हिचे उरलेले सगळे आकडे मी डोळे मिटून धरतो.'"

 आणि मग जो गलका उठला, काय सांगू! म्हणून! म्हणून ठेवला विश्वास! म्हणून पूल उंच! शंभर वर्षं सगळे ज्याच्याबद्दल 'कोण जाणे' म्हणत होते, ते पाचवीच्या वर्गाच्या मुठीत होतं. दोघी मुली एकमेकींचे हात धरून गोल फिरू लागल्या. एकाने चप्पल उडवली, ती नदीत पडता पडता वाचली.

"बाई, माझी काळी!" यमक्या ओरडला. "माझी काळी लाल झाली!"

"झाली रे, झाली!" टाचणीबाईंनी मनगटावरची लाल टाचणी काढून त्याच्या खिशावर टोचली. त्यांचे डोळे चमकत होते. "आणि बघा, ती चूक काढून टाकली तर तुझं कडवं उभंच राहत नाही. हा पूल त्या चुकीवर उभा आहे."

"पण ध्रुपद?" यमक्याचा चेहरा पुन्हा पडला. मग ओठ हलू लागले, बोटं मोजू लागली. कुणी बोलायचं नाही हे सगळ्यांना कळलं. यमक्याचे ओठ हलत असताना वर्ग नेहमीच थांबायचा.

"थकली नाही... थकली नाही..." तो पुटपुटला. आणि एकदम म्हणाला, "सापडलं! *एकदा चुकली मोजणीबाई, चूक मात्र झाकली नाही!*"

"वा रे पठ्ठ्या!" शिडीवरून बाबा म्हणाले. "कविता झाली तुमची, आता माझं बोला. रंग ओला आहे. घासलेटाचा बोळा फिरवला की दोन मिनिटांत भिंत कोरी. जुनी ओळ होती हेसुद्धा कुणाला कळणार नाही." त्यांनी बोळा हातात घेतलासुद्धा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगलंच होतं की. स्वच्छ भिंत, नवी ओळ.

भिंगरी मात्र डोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती जागच्या जागी स्थिर उभी होती. तिला दप्तरखान्यातलं ते पान दिसत होतं. खरवडलेलं नाही, गिरगटलेलं नाही. खालचा पाच स्वच्छ वाचता येणारा.

"बाबा, पुसू नको. खाली उतर."

"अगं, पण दिसेल ना चूक!"

"दिसू दे."

बाबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पायरीवर बसल्या बसल्या हाताने 'उतरा' अशी खूण केली. बाबा उतरले आणि लेकीच्या हातात ब्रश दिला. भिंगरीने आधी पुठ्ठ्याचा कंदील यमक्याच्या हातात कोंबला, "हा घे, रंगाचा डबा ठेव त्याच्यावर," म्हणाली, आणि शिडी चढली. रंगात ब्रश बुडवला, काठावर निथळून घेतला, बाबा करतात तसा. मग 'एकही दिवस चुकली नाही' या शब्दांवरून तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आडवी रेघ ओढली. मधे रेघ जराशी वाकली.

"थांब, सरळ करून देतो," बाबा खालून म्हणाले.

"नको," भिंगरी म्हणाली. मग ती शिडीच्या दोन पायऱ्या खाली उतरली आणि रेघेखाली, लहान पण स्वच्छ अक्षरांत, लिहायला लागली: एकदा चुकली मोजणीबाई...